एकच लेन्स घेऊन फिरायचंय, कुठली घेऊ?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी दोनदा अडखळलो, एकदा शेजारचा कोंबडा मध्येच ओरडला, ते सगळं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. ज्यांनी ऐकलंय त्यांना आकडे परत बघायला हे उपयोगी पडेल, आणि ज्यांना एसटीत हेडफोन सापडत नाही त्यांनी सरळ वाचा.

प्रश्न एका श्रोत्याचा आहे. पहिल्या पगारातून कॅमेरा घेतलाय, मिररलेस, सोबत आलेली छोटी लेन्स आहे. आता फिरायला जायचंय आणि बॅगेत चार लेन्स नकोत. "दादा, एकच लेन्स सांग, जी सगळं करेल. आणि स्टॅबिलायझेशनवाली सांग, म्हणजे फोटो हलणार नाहीत."

या प्रश्नात दोन समजुती आहेत. एक, एकच लेन्स सगळं करते. दोन, स्टॅबिलायझेशन असलं की फोटो हलत नाही. मीही याच दोन समजुती घेऊन लेन्स घेतली होती. पहिली थोडी खरी निघाली. दुसरीमुळे माझा एक फोटो गेला, जो आता परत मिळणार नाही. तो किस्सा पुढे येईलच.

आधी फोनच्या भाषेत

आपण सगळे फोनवर वाढलोय, म्हणून तिथूनच सुरू करू. फोनवर १ एक्स दाबलं की जी चौकट दिसते, ती जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात साधारण २४ ते २६ मिलिमीटरची असते. ज्या फोनला ५ एक्सची वेगळी लेन्स असते, ती साधारण १२० मिलिमीटर. त्यापुढे बोटांनी ताणलं की फोन बहुतेक वेळा चित्र कापून मोठं करतो.

आता आपले सुरुवातीचे कॅमेरे. यांत बहुतेकांचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा असतो, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान. त्यामुळे लेन्सवर लिहिलेल्या आकड्याला सोनी, निकॉन, फुजीवर १.५ ने आणि कॅननवर १.६ ने गुणायचं. लेन्सवर १८-३०० लिहिलंय? १.५ ने गुणा: २७ ते ४५०. म्हणजे फोनच्या भाषेत १ एक्सपासून जवळजवळ १८ एक्सपर्यंत, आणि तेही न कापता, खऱ्या काचेतून. हाच या लेन्सचा मोह. अंगणात उभं राहून अख्खं घर घ्या, आणि जागेवरून न हलता समोरच्या झाडाच्या शेंड्यावरचा धनेश घ्या.

हा मोह जुनाच आहे. टॅमरॉनने १९९२ साली २८-२०० ची एकच लेन्स आणली आणि 'एक लेन्स घ्या आणि निघा' हा प्रकार लोकप्रिय झाला. अदलाबदल करता येणाऱ्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आणलं ते कॅननने, १९९५ साली, ७५-३०० मध्ये. २००५ मध्ये निकॉनच्या १८-२०० मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र होत्या आणि ती लेन्स तेव्हा लग्नाच्या फोटोग्राफरपासून ट्रेकरपर्यंत अनेकांच्या गळ्यात दिसायची. आज २०२१ ची टॅमरॉन १८-३०० आहे, आणि २०२५ मध्ये सिग्माने १६-३०० आणली आहे.

वजनाचं गणित उलटं निघतं

"एक लेन्स म्हणजे ओझं कमी" असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो. मग एकदा आकडे मांडून बसलो.

माझ्याकडे सोनीचा ए६४०० आहे. आधी दोन लेन्स होत्या: १६-५०, वजन ११६ ग्रॅम, आणि ५५-२१०, वजन ३४५ ग्रॅम. बेरीज ४६१ ग्रॅम. टॅमरॉनची १८-३०० एकटीच ६२० ग्रॅम! म्हणजे दोन लेन्स काढून एक घेतली आणि ओझं दीडशे ग्रॅमने वाढलं. शिवाय आधी एक लेन्स बॅगेत असायची, आता सगळं वजन गळ्यात.

मग फायदा कुठे? लेन्स बदलावी लागत नाही, हा फायदा. एवढाच, पण आमच्याकडे तो फार मोठा आहे.

आमचं अलोरे म्हणजे कुंभार्ली घाटाच्या पायथ्याकडचं गाव. कोयना प्रकल्पाची वसाहत, जवळच कोळकेवाडी धरण. पोफळीच्या वीजगृहातून वापरून झालेलं कोयनेचं पाणी या धरणात येतं, तिथे पुन्हा त्यावर वीज होते आणि मग ते वाशिष्ठीकडे जातं. पाणी, डोंगर, झाडी, सगळं एका हाकेच्या अंतरावर. जूनपासून घाटात धुकं आणि पाऊस असा की छत्रीखालीही कॅमेरा कोरडा राहत नाही. अशात रस्त्याच्या कडेला उभं राहून लेन्स काढायची म्हणजे सेन्सरला अंघोळ घालायची. मी घातली आहे. एक थेंब सेन्सरसमोरच्या काचेवर पडला, सुकला, आणि पुढचे सगळे फोटो आकाशात एक करडा ठिपका घेऊन आले. शिमग्यात पाण्याऐवजी गुलाल असतो. समुद्रावर वाळू आणि खारं वारं. कोकणात बाराही महिने लेन्स न बदलण्याचं काही ना काही कारण असतंच.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला हा विचारा: मी जिथे फोटो काढतो तिथे लेन्स बदलायला कोरडी, शांत जागा आणि वेळ असतो का? असेल, तर दोन हलक्या लेन्स स्वस्त आणि बऱ्या पडतात. नसेल, तरच एकीचा विचार करा.

किती लांब हवं? स्वतःच्या फोटोंना विचारा

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. लोक लांबचा आकडा बघून लेन्स घेतात. ३०० पेक्षा ४०० चांगलं, बस्स. पण आपण खरंच कुठल्या आकड्यावर फोटो काढतो, हे आपल्या प्रत्येक फोटोत लिहून ठेवलेलं असतं. फोकल लेंग्थ, शटर, अ‍ॅपर्चर, सगळं. एक्झिफटूल नावाचं फुकट साधन आहे, ते अख्ख्या फोल्डरमधून हे आकडे काढून देतं. ते शीटमध्ये टाका आणि मोजा. कोडिंग येत नसेल तरी हरकत नाही. तुमचे आवडते शंभर फोटो निवडा, एकेकाची माहिती उघडून बघा आणि कागदावर रेघा मारा. तासाभराचं काम आहे.

माझ्या रेघांमध्ये दोन ढीग दिसले. एक मोठा, १६ ते ३५ च्या मध्ये: घर, माणसं, रस्ता. दुसरा थेट २१० वर, म्हणजे लेन्स संपली तिथे. याचा अर्थ मी लांब बघताना दर वेळी भिंतीला धडकत होतो. ते फोटो उघडले तर बहुतेक पक्षी, आणि तेही पुढे कापून मोठे केलेले. म्हणून माझ्यासाठी ३०० ला अर्थ होता.

तुमचा दुसरा ढीग जर ८०-१०० च्या आसपास संपत असेल, तर ६०० ग्रॅमचा ठोकळा गळ्यात अडकवू नका. हलक्या वर्गातल्या लेन्स बघा. सोनीची १८-१३५ आहे ३२५ ग्रॅम, निकॉन झेडची १८-१४० आहे ३१५, कॅनन आरएफची १८-१५० आहे ३१०. तिन्हींत स्टॅबिलायझेशन आहे. म्हणजे निम्म्या वजनात फोनच्या ८-९ एक्सपर्यंत. सहलीला, लग्नाला, गडावर, एवढं बहुतेकांना पुरतं.

जुना डीएसएलआर असेल तर टॅमरॉनची १८-४०० आहे, २०१७ ची, कॅनन आणि निकॉनसाठी, साधारण ७०० ग्रॅम. आणि फुल फ्रेम कॅमेरा असेल तर निकॉनची २४-२०० किंवा कॅननची २४-२४० बघा. सोनी फुल फ्रेमवाल्यांनी एक काळजी घ्यायची: टॅमरॉनची २८-२०० चांगली आहे, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. कॅमेऱ्याच्या बॉडीत असेल तर ठीक. 'ट्रॅव्हल झूम' लिहिलंय म्हणजे स्टॅबिलायझेशन असणारच, असं धरून चालू नका.

नाव कसं ओळखायचं? निकॉन व्हीआर म्हणतं, कॅनन आयएस, सोनी ओएसएस, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस, फुजी ओआयएस. अक्षरं वेगळी, काम एकच.

ते काम नेमकं काय?

लेन्सच्या आत छोटे जायरो सेन्सर असतात, तुमच्या फोनमध्ये असतात तसेच. हात किंचित वर गेला, खाली गेला, डावीकडे वळला, हे त्यांना लगेच कळतं. मग काचांचा एक गट चुंबकांच्या जोरावर उलट दिशेला सरकवला जातो, म्हणजे सेन्सरवर पडणारं चित्र जागच्या जागी राहतं. काही कॅमेऱ्यांत काचेऐवजी सेन्सरच हलतो. पण ए६४००, निकॉन झेड ५०, कॅनन आर १० आणि आर ५० अशा अनेक परवडणाऱ्या कॅमेऱ्यांत ती सोय नाही. तिथे लेन्समधलं स्टॅबिलायझेशन गरजेचंच आहे, कारण लांबच्या टोकाला हाताचा थोडासा हलकेपणाही मोठा होऊन दिसतो.

हिशेब सोपा आहे. जुना नियम असा की शटरचा वेग फोकल लेंग्थच्या पटीत हवा. आपण गुणून ४५० काढलं, म्हणजे साधारण १/५०० सेकंद. आता खोक्यावर '४ स्टॉप' लिहिलं असेल, तर प्रत्येक स्टॉपला वेळ दुप्पट करत जा: १/२५०, १/१२५, १/६०, १/३०. म्हणजे ३०० वर १/३० ला सुद्धा हातातून फोटो स्थिर येऊ शकतो. हा प्रयोगशाळेतला आकडा आहे. घाट चढून धाप लागलेली असताना त्यातला एखादा स्टॉप वजा धरा.

याचा सुंदर उपयोग बघायचा असेल तर पावसाळ्यात परशुराम घाटात सवतसड्याला जा. लेन्स १८-२० वर ठेवा, शटर १/८. खडक आणि झाडं स्थिर, पाणी मात्र दुधासारखं ओघळलेलं. तिपाईशिवाय. तिथे मी या लेन्सवर जाम खूश झालो होतो.

आणि त्याच खुशीत शिमग्याला गेलो.

हललेला फोटो

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, हे कोकणातल्या लोकांना सांगायला नको. त्या वर्षी आमच्याकडे यायला रात्र झाली. अंगणात एकच पिवळा बल्ब. ढोल, गुलाल, पन्नास माणसं. मी छाती पुढे काढून उभा, गळ्यात नवी १८-३००. जुनी छोटी ३५ ची लेन्स, एफ १.८ वाली, घरात कपाटात. "कशाला हवी? हिच्यात सगळं आहे."

आजी ओटी घेऊन पुढे आली. तिने पालखीत ओटी ठेवली, हात जोडले आणि खांदेकऱ्यांनी पालखी किंचित वर उचलली. मी सात-आठ फोटो घेतले. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर झकास दिसले.

सकाळी लॅपटॉपवर उघडले. मागची भिंत स्पष्ट. दाराची चौकट, तिच्यावरचं तोरण, तोरणाची पानंसुद्धा मोजता येतील. आणि आजीचे हात म्हणजे नुसता ओघळ. चेहरा डावीकडे पुसल्यासारखा. आठही फोटो तसेच.

माहिती उघडली: ५० मिलिमीटर, एफ ५.६, आयएसओ ६४००, शटर १/१५.

इथे लेन्सची चूक शून्य. तिने तिचं काम चोख केलं होतं, त्याचा पुरावा ते तोरण. स्टॅबिलायझेशन माझा हात थांबवतं. आजीचा हात ते थांबवू शकत नाही. समोरचं माणूस हलत असेल तर लागतो फक्त वेगवान शटर, आणि वेगवान शटरला लागतो उजेड. ओवाळणाऱ्या, ओटी भरणाऱ्या माणसाला निदान १/१२५ हवा. नाचणाऱ्याला १/२५० आणि वर.

उजेड किती आत येतो ते अ‍ॅपर्चर ठरवतं. आकडा लहान तितकं भोक मोठं, आणि फरक वर्गाने वाढतो. ५.६ भागिले १.८ म्हणजे साधारण ३.१, त्याचा वर्ग साडेनऊच्या वर. म्हणजे कपाटातली ती लहानशी लेन्स त्याच बल्बखाली साडेनऊ पट उजेड आत घेणार होती. १/१५ चा झाला असता १/१२५ च्याही थोडा वर. फोटो आला असता. लांबच्या टोकाला, एफ ६.३ वर, हा फरक बारा पटींवर जातो.

तुमचा फोन रात्री का जिंकतो, तेही यातच आलं. त्याच्या मुख्य कॅमेऱ्याचं भोक बहुतेक वेळा एफ १.८ च्या आसपास असतं आणि तो अनेक फोटो एकावर एक रचून एक बनवतो. त्या रात्री भावाने फोनवर काढलेला फोटो माझ्यापेक्षा बरा होता. त्याने तो स्टेटसला ठेवला. मी माझा कुठेच ठेवला नाही.

आजी त्यानंतर फारशी उंबऱ्याबाहेर येत नाही. यंदा पालखी आली तेव्हा तिने खिडकीतूनच हात जोडले, ओटी आईने भरली. तो फोटो मी ३५ ने काढला, चांगला आलाय. पण तो वेगळा फोटो आहे.

मग घ्यायची की नाही?

घ्यायची असेल तर घ्या, मी माझी विकलेली नाही. फक्त ती दिवसाची लेन्स आहे हे धरून घ्या. सकाळी सातपासून संध्याकाळी उजेड कलेपर्यंत ती एकटी पुरते. त्यानंतर, आणि घराच्या आत, एक छोटी मोठ्या भोकाची लेन्स लागते. माझी ३५ ची दीडशे ग्रॅमच्या आसपास आहे, पँटच्या खिशात मावते. अंधार पडला की देवळात नाहीतर ओटीवर बसून एकदाच बदलायची. पैसे मोजकेच असतील तर मी असं सांगेन: महागडी १८-३०० एकटी घेण्यापेक्षा हलकी १८-१३५ किंवा १८-१४० आणि जोडीला एक ३५, एफ १.८. पक्ष्यांचं वेड असेल तरच उलटा विचार करा.

चित्राच्या दर्जाबद्दलही खरं सांगतो. एवढा मोठा झूम एकाच नळीत बसवायचा म्हणजे तडजोड आलीच. १८ ला भिंतीच्या रेघा बाहेर फुगतात, ३०० ला चित्र थोडं मऊ पडतं, कडांना रंगाच्या झिलया दिसतात. बरंचसं कॅमेरा स्वतःच दुरुस्त करतो. फोनवर बघायला आणि घरात लावायच्या प्रिंटला काही कळत नाही. ३०० वर काढून पुन्हा कापायला गेलात की मग कळतं.

जुनी लेन्स घेणार असाल तर चार गोष्टी तपासा. एक, माउंट जुळतो का? सोनीची लेन्स निकॉनला बसत नाही. आणि निकॉनच्या डी ३४००, डी ५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्येच हवी. दोन, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसरीकडून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसल्या तर ती बुरशी, लेन्स परत द्या. तीन, लेन्स तोंड खाली करून धरा. झूमची नळी आपोआप घसरत असेल तर सैल झालीये. चार, भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून १/३० वर दहा फोटो काढा, मग स्टॅबिलायझेशन बंद करून दहा. फरक दिसलाच पाहिजे.

आणि कोकणात राहत असाल तर पाचवी: लेन्स कापडी बॅगेत कोंडून ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मोजणारा काटा. आकडा ४० ते ५० च्या मध्ये राहू द्या. जेलचा रंग बदलला की गरम करून सुकवा आणि परत टाका. झूमची नळी आत-बाहेर होताना बाहेरची दमट हवा आत ओढते, त्यामुळे या लेन्सला हे जास्तच लागू.

थोडक्यात, दुकानात जाण्याआधी तीन उत्तरं लिहून न्या. मी लेन्स कुठे बदलणार? माझे फोटो कुठल्या आकड्यावर आहेत? आणि मला जे टिपायचंय, ते हलतं का, नि कुठल्या उजेडात हलतं? तिसरं उत्तर मी लिहिलं नव्हतं.

प्रश्न असतील तर नेहमीसारखे आवाजी मेसेज पाठवा, पण तीस सेकंदांत आटपा रे! पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत त्या शंभर फोटोंच्या रेघा मारून ठेवा.